चिलीम न्हाई, दमा हाय

माझ्या यंत्राचा आवाज होतो आणि तो मला पायजे. परवा आष्टीला नव्या डॉक्टरकडं गेलतो. पोरगा चांगला आहे, हसून बोलतो. त्यानं माझं यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, बाबा, हे फार जुन्या पद्धतीचं झालं, आता याच्यापेक्षा चांगलं निघालंय, गोळी भरायची झंझट नाही. मी विचारलं, ते वाजतं का? तो म्हणाला, बिलकूल नाही, चारचौघांत घेतलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मी म्हणालो, मग नको. त्याला वाटलं म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं तेच परत मोठ्यानं सांगितलं. मीही मोठ्यानं सांगितलं, नको. माझ्या छातीत औषध गेलं हे मला कळलं पायजे, आणि माझ्या शेजारी बसलेल्याला पण कळलं पायजे. त्यानं मान हलवली आणि जुन्याच गोळ्या लिहून दिल्या. का नको, कावून नको, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्या बाहेर बसलेल्या पेशंटांना त्या दिवशी उशीर झाला असता. म्हणून ते इथं लिहितो.

आमचं घर डोंगराच्या पायथ्याला. मातीच्या भिंती, पुढं सारवलेलं अंगण, एका अंगाला काट्याकुपाट्यांच्या कुंपणात मेंढरं आणि घरामागं कडब्याची गंज. दादा, म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडं बाजरी आणि हुलगा निघण्याएवढी जमीन होती, पण माणूस मेंढरांचा. आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज कोकरांचा. रात्रभर डालग्याच्या टोपलीखाली झाकलेली कोकरं आईच्या दुधासाठी असा काही कल्ला करायची की झोपून राहायची सोय नव्हती. त्याच्यामागून मायनं भाकरी थापायचा आवाज. आणि या दोन्हींच्या मधे माझा. माझ्या छातीत शिट्टी वाजायची, बारीक, लांबट, कुठंतरी लांब कुणी बोलावतंय अशी. माय त्याला मांजर म्हणायची. चुलीपुढं बसून ती भाकरी उलथता उलथता कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, आज मांजर निजलंय, किंवा आज मांजर बोलाय लागलं गं बया. मांजर बोलायला लागलं की मला त्या दिवशी मेंढरांमागं जायचं नाही, माळावर पळायचं नाही, फक्त भिंतीला पाठ लावून बसायचं आणि हुलग्याचं माडगं प्यायचं, गरम, मिरी घातलेलं. ते माडगं मला आजही घशाखाली उतरत नाही. हुलग्याचे शेंगोळे मात्र दोन ताटं खातो.

शाळा तिसरीत सुटली. गुरुजींनी काढलं नाही, पण खोकल्यानं इतर पोरांचे पाढे चुकतात म्हणून मला बाहेर लिंबाखाली बसवलं. लिंबाखालून फळा दिसत नव्हता, मेंढरं दिसत होती. मी उठून मेंढरांकडं गेलो तो परत गेलोच नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझ्यापेक्षा लहान शिवा, माझा सख्खा भाऊ, दिवसभर मेंढरांमागं हुंदडून यायचा आणि मी धाप लागते म्हणून घरी बसलेला असायचो, मायच्या शेजारी लोकर पिंजत. तेच लोकरीचं कुसळ नाकातोंडात जाऊन माझी छाती आणखी भरायची, पण ते त्या वेळी कुणाला कळत नव्हतं. बसून करायचं काम म्हणून ते मला दिलेलं.

आमच्या घरात दमा हा शब्द कुणी काढायचं नाही. दादांचा तसा हुकूमच होता. माझ्या दुखण्याचं नाव पडसं. माझं पडसं बारा महिने असायचं. कुणी दारात आलं आणि मला धाप लागलेली असली तर दादा आधीच सांगून मोकळे व्हायचे, पोराला पडसं झालंय. आमच्याकडं दम म्हणजे हिंमत. ज्याच्यात दम आहे त्यानं पुढं यावं, असं कुस्तीच्या फडात म्हणतात, आणि पुढं येणाऱ्यांत दादा तरुणपणी नेहमी असायचे. अशा माणसाच्या थोरल्या पोराला दमा असावा हे त्यांना सोसवत नव्हतं. आणि गावात असंही बोललं जायचं की दमा रक्तात असतो, लेकराबाळांत उतरतो, दमेकऱ्याच्या घरात पोरगी देऊ नये. संध्याकाळी दादा अंगणात बाजेवर बसून चिलीम ओढायचे, त्यांचे दोन-तीन सोबती यायचे, चिलीम फिरायची, धूर घरात यायचा, आणि मी आत तोंडावर घोंगडं धरून बसायचो. त्या धुराला कुणी नाव ठेवत नव्हतं. ती मर्दाची गोष्ट होती.

मायनं काय काय केलं नाही. रुईच्या पानांचा शेक, अडुळशाचा काढा, आलं आणि मध, धोतऱ्याच्या पानाची विडी. आणि थंड म्हणून ज्या ज्या गोष्टीचं नाव घेता येईल ती ती बंद केली. ताक बंद, काकडी बंद, केळं बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सीताफळ बंद. आमचा डोंगर सीताफळांचा. दिवाळीच्या आधी फळं पिकायला लागली की सगळा डोंगर डोळे उघडून बघतो, आणि गावातली तमाम पोरं तोंडं चिकट करून हिंडतात. शिवा माझ्यासमोर बसून सीताफळ खायचा आणि बिया नेम धरून माझ्या अंगावर थुंकायचा. मी त्या बिया गोळा करून ठेवायचो, का ठेवायचो मलाही माहीत नाही.

मिसरूड फुटायच्या दिवसांत, मेंढरांची कातरणी चालू असताना, मी एकदा निळा पडलो. अंगणभर लोकर उडत होती आणि मी तिच्या मधोमध बसलो होतो. मामा त्या दिवशी आलेले होते. त्यांनी दादांना काही विचारलं नाही, मला खांद्यावर टाकलं, सडकेला नेलं, मिळेल त्या एस.टी.नं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथं तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी सुई दिली, मी बरा झालो, आणि निघताना त्यांनी मामांना काचेच्या बाटलीत गोळ्या आणि एक प्लॅस्टिकचं बोटभर यंत्र दिलं आणि कसं घ्यायचं ते समजावून सांगितलं. मामा प्रत्येक गोष्टीला हां बाई, हां बाई म्हणत होते. मामांचा तो स्वभाव होता, मोठ्या माणसापुढं त्यांना ऐकू येणं बंद व्हायचं. घरी आल्यावर त्यांनी मायला सांगितलं, ह्या गोळ्या, रोज द्यायच्या, आणि हे त्याच्यासंगं दिलंय. त्याच्यासंगं दिलंय म्हणजे काय करायचं हे मामांना ठाऊक नव्हतं, मायला नव्हतं, मला तर नव्हतंच. सुपारीसोबत चुना देतात तसं काहीतरी असेल असं धरून मायनं ते यंत्र देवाजवळ ठेवलं आणि मला रोज एक गोळी दुधासोबत गिळायला लावली. शिवा देवाजवळचं यंत्र उचलून त्यात फुंकायचा आणि ते शिट्टीसारखं वाजेना म्हणून रुसायचा. गोळ्या संपत आल्या आणि माझं मांजर परत बोलायला लागलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीण बाईंनी विचारलं, गोळी कशी घेतोस? मी म्हणालो, दुधात. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मग त्यांनी मामांना खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मला टेबलापाशी उभं केलं. टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक छोटा फवारा होता, डबी उलटी धरायची, तोंडात घ्यायची, दाबायचं आणि त्याच घटकेला श्वास ओढायचा. दुसरं ते आमच्या देवाजवळचं यंत्र. बाईंनी दोन्ही मला करून बघायला लावलं. फवाऱ्याचं मला काही जमेना. माझं दाबणं आणि ओढणं कधी एका वेळेला आलं नाही, औषध थंडगार टाळूला जाऊन बसायचं आणि नाकातून वाफ निघायची. मग यंत्र. गोळी त्याच्या भोकात बसवायची, पिरगाळायचं, आत गोळीचे दोन तुकडे होतात, मग तोंडात धरून ओढायचं जोरात. मी ओढलं आणि आतले तुकडे खुळखुळले, खर्रर्र. फुटकं घुंगरू गळ्यात बांधलेलं मेंढरू पळावं तसा आवाज. जिभेवर गोडसर भुकटी आली.

बाई म्हणाल्या, "तुला कुठलं बरं वाटतं?"

मी मागं वळून मामांकडं पाहिलं, मला वाटलं त्यांना विचारलं. मामाही उठून उभे राहिले.

"त्यांना नाही, तुला विचारते. छाती तुझी आहे."

त्या दिवसापर्यंत मला कुणी काही विचारलं नव्हतं. काय खायचं, कुठं बसायचं, माझ्या दुखण्याला काय म्हणायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. मी म्हणालो, जे वाजतंय ते. बाईंनी सांगितलं, धाप असो नसो रोज घ्यायचं, घेतल्यावर चूळ भरायची. आणि आणखी एक सांगितलं जे मी आजवर विसरलो नाही, की हे काही पाप नाही, कोपऱ्यात जाऊन घ्यायची गरज नाही.

महिना गेला आणि मायनं एका सकाळी भाकरी थापणं थांबवून ऐकलं. मांजर नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मी मेंढरांमागं गेलो. डोंगर चढून वर गेलो, वरून गाव पाहिलं, आणि येताना उपरण्यात सीताफळं बांधून आणली. मायच्या समोर पाय पसरून बसलो आणि एकेक फोडून खाल्लं. ती नको नको म्हणत होती आणि मी बिया नेम धरून शिवाच्या अंगावर थुंकत होतो. शेवटी तीही एक घेऊन बसली.

दादांनी मात्र नियम लावून दिला. यंत्र घ्यायचं तर कडब्याच्या गंजीमागं जाऊन घ्यायचं. म्हणाले, "बरा हायेस तर कावून घेतो? आन घ्यायचंच आसंल तर कुनाच्या डोळ्याला दिसू द्यायचं न्हाई." मी घेत राहिलो, गंजीमागं. तिथं कडब्याचा भुसा नाकात जायचा, म्हणजे एका हातानं औषध आणि दुसऱ्या हातानं दुखणं. पण बापाचा शब्द होता.

मग माझ्या लग्नाची बोलणी निघाली. दादांनी पाहुणे मुद्दाम लांबचे गाठले, दिंद्रुडकडचे. जवळच्यांना आमच्या घरातलं बारमाही पडसं ठाऊक होतं. मुलगा बघायला चार-पाच माणसं जीपमधून आली. मुलीचे वडील, फेटा बांधलेले, शांत गृहस्थ, त्यांना मी थोरले पाहुणे म्हणतो. त्यांच्यासोबत दोघं-तिघं भाऊबंद आणि मुलीचा चुलतभाऊ, पँट घातलेला, माझ्याच वयाचा. अंगण सारवलेलं, बाजांवर नवी घोंगडी, आणि घराला चांगला वास यावा म्हणून दादांनी अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवलेला. पाणी झालं, गूळ झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मला मधे बसवलं होतं. उदबत्तीच्या धुरानं माझ्या छातीला विळखा पडायला लागला. मांजर उठून बसलं. मी मान खाली घालून श्वास दाबत राहिलो, आणि जमेना तेव्हा बैलांना पाणी दाखवून येतो म्हणून उठलो आणि गंजीमागं गेलो.

यंत्र तोंडात धरून ओढणार तेवढ्यात मुलीचा चुलतभाऊ लघवीला म्हणून तिकडंच आला. त्यानं काय पाहिलं? लग्नाला उभं केलेलं पोरगं कडब्यामागं लपून, लाल डोळ्यांनी, तोंडात काहीतरी घालतंय. त्यानं विचारलं, "काय बे हे?" मी घाबरून जे तोंडात आलं ते खरं बोललो. म्हणालो, औषध.

आता इथं बाहेरगावच्या वाचकाला सांगायला पायजे. आमच्याकडं माणूस दवाखान्यात घेतो ती गोळी किंवा सुई. औषध म्हणजे कपाशीवर मारतात ते. आणि अमक्यानं औषध घेतलं असं कानावर आलं की आमच्याकडं माणसं हातातलं काम टाकून पळतात, कारण त्याचा अर्थ एकच होतो. त्या पोरानं माझ्या हातावर फटका मारला, यंत्र उडालं, गोळीचा चुरा मातीत गेला, आणि तो अंगणाकडं ओरडत पळाला की धावा वो, नवरदेवानं औषध घेतलं.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सगळे पाहुणे धावत आले. कुणी माझं डोकं धरलं, कुणी घशात बोटं घालायला लागलं, कुणी मिठाचं पाणी मागत होतं, जीपवाला जीप चालू करून बसला. मला बोलायला श्वास नव्हता आणि श्वास घ्यायला घसा मोकळा नव्हता. दादांनी मातीतून यंत्र उचललं, मूठ मिटली आणि ते मधे पडले.

"सोडा, सोडा त्याला. औषध न्हाई वो. चिलीम हाय ती." मग मुठीत धरलेलं यंत्र एक क्षणभर दाखवून म्हणाले, "इलायती चिलीम. मामानं दिली आनून. वढतंय पोरगं कधीमधी, लपून."

सगळ्यांनी श्वास सोडला, एक मी सोडून. मग हसू आलं सगळ्यांना. ज्यानं माझ्या घशात बोटं घातली होती त्यानं ती धोतराला पुसली. थोरले पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आवं चिलीमच ना. आमच्या घरात कोन वढत न्हाई? लगीन झालं की सुटंल."

हे मी आजही समोर घडल्यासारखं पाहतो. बापानं माझी ओळख चिलीमबहाद्दर म्हणून करून दिली आणि त्या लोकांनी ती हसत पदरात घेतली. चिलीम चालत होती. तेच औषध म्हणून चालणार नव्हतं. सगळे परत बाजांवर बसले, मलाही ओढून बसवलं, आणि आतून चहा आला. आमच्या भागात बघायला आलेला पाहुणा पाणी कुणाच्याही घरचं पितो, गूळही खातो, पण चहा घेतला म्हणजे बोलणं पुढं सरकलं. थोरल्या पाहुण्यांच्या पुढं कपबशी ठेवली गेली. दादांच्या तोंडावरचा रंग परत आला होता. यंत्र त्यांच्या बंडीच्या खिशात होतं.

आणि माझा श्वास संपत चालला होता. पाहुणे बसलेत तोवर दम धरायचा, मग यंत्र मागायचं, एवढंच करायचं होतं. पण मी तिथं बसल्या बसल्या पुढचं सगळं पाहिलं. लग्न होईल. बायको येईल. तिच्यापासून लपून मी कडब्यामागं जाईन, तिला वाटेल नवरा चिलीम ओढतो, ती माहेरी तसं सांगेल, मला पोरं होतील, त्यांच्यापासून लपेन. आणि एक दिवस यंत्र कुणाच्या तरी खिशात राहील आणि लाजेपायी मी ते मागणार नाही. मी उठून उभा राहिलो आणि हात पुढं केला.

"दादा, यंत्र द्या."

दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "कसलं यंत्र? बस खाली. पाहुन्यांसमूर वढतो का आता चिलीम?"

"चिलीम न्हाई," मी म्हणालो. एका श्वासात दोन शब्दांच्या वर येत नव्हते. "दमा हाय मला. ल्हानपनापासनं. द्या यंत्र."

दादांचा हात खिशावर होता, काढायला नाही, झाकायला. तेव्हा आतून माय आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी उंबऱ्याच्या बाहेर येत नसे. डोक्यावरचा पदर दातात धरून ती सरळ दादांसमोर जाऊन उभी राहिली, त्यांच्या बंडीच्या खिशात हात घातला, यंत्र काढलं, पदराला पुसलं, दुसऱ्या हातातली गोळी त्यात बसवली आणि माझ्या हातात दिलं. पिरगाळायचं मी स्वतः पिरगाळलं. तोंडात धरलं आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधे उभं राहून ओढलं. खर्रर्र. तो आवाज अंगणाच्या पार टोकापर्यंत गेला असेल. मग मी रांजणापाशी गेलो आणि चूळ भरली.

कुणी वाईट बोललं नाही. थोरले पाहुणे फेटा नीट करत उठले, म्हणाले कळवतो. जीप गेली. बाजेवरचे कप तसेच राहिले, चहावर साय धरली, आणि शिवानं ती बोटानं काढून खाल्ली.

दादा मला एवढंच म्हणाले, इज्जत घातली. त्यानंतर बाजरी निघेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर असलो तरी कुत्र्याला सांगायचे, त्याला सांग, पाणी भरलं का बघ म्हणावं. मी पण कुत्र्यालाच उत्तर द्यायचो. पण गंजीमागं जायचं मी त्या दिवसापासून बंद केलं. अंगणात बसून घ्यायला लागलो. मग मारुतीच्या पारावर बसून घ्यायला लागलो, लोक मुद्दाम बघतात म्हणून मीही मुद्दाम. गावानं माझं भान्या हे नाव पुसून चिलम्या ठेवलं. कुणी म्हणायचं, ए चिलम्या, एक झुरका आम्हाला बी दे. मी म्हणायचो, दमा घे आधी, मग देतो. चेष्टा करणाऱ्यांपैकी दोघं-तिघं नंतर एकेकटे माळावर येऊन हळूच विचारून गेले की अंबाजोगाईला कुठल्या खिडकीत चिठ्ठी काढायची. एकाची बायको होती, एकाचा स्वतःचाच दम कोंडत होता. मी सांगितलं, पण मोठ्यानं.

माझं लग्न उशिरा झालं. या वेळी मी स्वतः मुलीकडं गेलतो, यंत्र खिशातून काढून सगळ्यांसमोर ठेवलं आणि घेऊन दाखवलं. मुलीनं आतून बघितलं म्हणतात. सुमन तिचं नाव. ती पुढं मला म्हणाली, बाकीची स्थळं आपापली वतनं सांगत होती, तुमी एकटेच दुखणं सांगत आलता, मला वाटलं ह्या माणसाकडं आणखी लपवण्यासारखं काय राहिलं. पुढं लई वर्षांनी कोरोनाच्या टायमाला सगळं गाव एकमेकांच्या खोकल्याला भिऊन दारं लावून बसलं, तेव्हा पण मी अंगणात बसून रोज यंत्र वाजवायचो, आणि सुमन शेजारी बसून शेंगा फोडायची.

दादांना खोकला कधी लागला ते सांगता येणार नाही. चिलमीनं तो आत कुठंतरी लई दिवस पाळून ठेवला असेल. आधी डोंगर बंद झाला, मग ओढा, मग अंगणातून मेंढरांपर्यंत जातानाही त्यांना मधे बसावं लागायचं. विचारलं की म्हणायचे, पडसं. मी त्यांना न विचारता अंबाजोगाईला नेलं, मामांनी मला नेलं तसंच. डॉक्टर दुसरे होते. त्यांनी फवारा आणि त्याला जोडायचा एक मोठा डबा दिला, की म्हाताऱ्या माणसाला सोपं जातं. दादांनी तो डबा बाजूला सारला. म्हणाले, मी काय लेकरू हाय का बाटलीनं प्यायला? मग माझ्याकडं बोट करून डॉक्टरांना म्हणाले, "ह्याचं वाजतंय तसलं पायजे." इतकी वर्षं भिंतीपलीकडून ते माझा आवाज ऐकत होते, एवढं मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी ओढून बघायला लावलं, ओढ पुरेशी निघाली, तेव्हा दिलं. चिलीम दादांनी त्या दिवशी सोडली पण नाव सोडलं नाही. यंत्राला ते चिलीमच म्हणायचे. सुमनला हाक मारायचे, पोरी, माझी चिलीम कुठं ठेवली? आणि घ्यायचे घरात, दाराआड, बाहेरच्याला आवाज जाऊ नये म्हणून एकदा तर कोकरं ओरडेपर्यंत वाट बघत बसलेले मी पाहिले.

मग शिवाचं लग्न निघालं. पाहुणे आले, अंगणात बाजा टाकल्या, या वेळी उदबत्ती कुणी लावली नाही. मुलीचे वडील बोलके होते, मेंढरं किती, पाणी कुठून येतं, सगळं विचारत होते. दादा बाजेवर टेकून बसलेले, खांदे वर चढलेले, एकेका वाक्यामागं थांबत. मी त्यांच्या शेजारी. पाणी झालं, गूळ झाला. सुमन चहाचं ताट घेऊन बाहेर आली आणि दादांनी हात वर केला.

"थांब पोरी. च्या ठिव जरा."

ती ताट धरून तिथंच उभी राहिली. मला वाटलं त्यांना बाहेर जायचं असेल, मी हात द्यायला वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पाहुण्यांकडं बघून म्हणाले, "पावनं, एक सांगायचं ऱ्हायलं. ह्या घरात दमा हाय." थांबले, श्वास घेतला. "मला हाय. ह्या थोरल्याला हाय, ल्हानपनापासनं. शिवाला न्हाई, पर उद्या व्हनार न्हाई आसं मी सांगत न्हाई. पटत आसंल तर च्या घ्या. न्हाई पटलं तर पानी पिलंच हाय, राग न्हाई."

इतकं लांब बोलणं त्यांना त्या काळात जमत नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांची छाती अशी वाजायला लागली की पाहुण्यांना वेगळा पुरावा द्यायची गरज राहिली नाही. घराच्या आत माय उभी होती, तिनं पदर दातात धरलेला मला दिसला. मुलीचे वडील दादांकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग शिवाकडं, जो खाली मान घालून घोंगडीचे धागे उपसत होता. मग त्यांनी सुमनच्या हातातल्या ताटातली कपबशी उचलली, बशीत चहा ओतला आणि त्याच्यावर फुंकर मारली.

दादांनी डोळे मिटले. आणि डोळे न उघडताच, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"भान्या, आन बे माझी चिलीम. हितं आन."